‘हायड्रो’ शब्दाची ओळख : पाणी कुठे आणि हायड्रोजन कुठे



शेतकी खात्याच्या माणसाला पूर्वी बेणे, लागण, तोडणीची तारीख एवढेच विचारले जायचे. आता शब्दांचे अर्थही विचारले जातात. कोणी खताची पिशवी पुढे करून म्हणतो, “साहेब, यावर हेप्टाहायड्रेट लिहिलंय, हे काय असतं?” कोणी ठिबकसाठी आणलेल्या कॅनवरचे हायड्रोक्लोरिक हे नाव वाचून विचारतो. घरात लेकराला जुलाब झाले की डॉक्टर डिहायड्रेशन म्हणतात. ट्रॉली हायड्रॉलिक असते, आणि रसाची घनता मोजणारे यंत्र हायड्रोमीटर.

या सगळ्या शब्दांत ‘हायड्रो’ किंवा ‘हायड्र’ हा एकच तुकडा आहे. तो नीट समजला तर वीस-पंचवीस कठीण शब्दांचे अर्धे कोडे सुटते. मात्र अर्धवट समजला तर धोका आहे. “हायड्रो म्हणजे पाणी” एवढेच धरून बसलेला माणूस उद्या आम्लाच्या कॅनलाही पाण्यासारखेच हाताळील. म्हणून या अंकात हा धडा घेतला आहे. घरातील शिकत्या मुलांनाही तो वाचायला द्यावा.

१. शब्दाचे मूळ

ग्रीक भाषेत पाण्याला ‘हुदोर’ म्हणत. त्यावरून ‘हायड्रो’ हा उपसर्ग झाला. हा शब्द आपल्याला परका वाटतो, पण तो आपल्याच भावकीतला आहे. संस्कृतातले ‘उदक’ आणि ग्रीक ‘हुदोर’ ही दोन्ही एकाच प्राचीन मुळापासून निघाली, असे भाषेचे अभ्यासक सांगतात. इंग्रजीतला ‘वॉटर’ही त्याच घराण्यातला. आपण हातावर उदक सोडतो, पूजेला उदक घेतो, समुद्राला उदधी म्हणतो. तेच उदक तिकडे हायड्रो झाले, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे शब्द विसरत नाही.

आपल्या शास्त्रीय मराठीने हे नाते नेमके पकडले आहे. इंग्रजीत ज्याला ‘कार्बोहायड्रेट’ म्हणतात त्याला आपण ‘कर्बोदक’ म्हणतो. कार्बो म्हणजे कर्ब आणि हायड्रेट म्हणजे उदक असलेले.

२. जिथे खरेच पाण्याचा किंवा द्रवाचा संबंध आहे

हायड्रोमीटर : शब्दशः पाणीमापक. प्रत्यक्षात तो कोणत्याही द्रवाची घनता दाखवतो. द्रव जितका दाट, तितकी ही काचेची नळी वर तरंगते. प्रयोगशाळेत रसाचा ब्रिक्स पाहतात तो ब्रिक्स हायड्रोमीटरने. ब्रिक्स १८ म्हणजे १०० किलो रसात सुमारे १८ किलो विरघळलेले घन पदार्थ, त्यात मुख्य वाटा साखरेचा. दूध डेअरीतला लॅक्टोमीटर हा त्याचाच भाऊ. ट्रॅक्टरच्या बॅटरीतील आम्ल तपासतात तीही हायड्रोमीटरनेच. आमची माणसे फडात घेऊन येतात तो हँड रिफ्रॅक्टोमीटर मात्र वेगळा. तो प्रकाशाच्या वळण्यावरून ब्रिक्स दाखवतो, त्यात काही तरंगत नाही. आणि हवेतील दमटपणा मोजतो तो हायग्रोमीटर. तिथे ‘ड्रो’ नसून ‘ग्रो’ आहे, घोटाळा करू नये.

हायड्रॉलिक : पाणी आणि नळी या दोन ग्रीक शब्दांचा हा जोड. बंद नळीतील द्रवावर एका टोकाला दाब दिला की तो सगळीकडे सारखा पोचतो, हे तत्त्व फ्रान्सच्या पास्कलने सतराव्या शतकात मांडले. इंग्लंडच्या जोसेफ ब्रामाने १७९५ साली त्यावर चालणाऱ्या दाबयंत्राचे पेटंट घेतले. आज आपल्या मिलच्या वरच्या रोलरवर दाब ठेवला जातो तो हायड्रॉलिक, आणि ट्रॉली उचलली जाते तीही हायड्रॉलिक. दोन्हीकडे नळीत पाणी नसून तेल आहे. नाव पाण्याचे, काम तेलाचे.

हायड्रोइलेक्ट्रिक : जलविद्युत. कोयनेची वीज आपण सर्व जाणतो.

हायड्रोलिसिस : ‘लिसिस’ म्हणजे सुटणे, फुटणे. पाण्याने होणारी फोड, म्हणजे जलविघटन. हा शब्द प्रत्येक सभासदाने पाठ करावा, कारण तो थेट आपल्या उताऱ्याशी बांधलेला आहे.

साखरेच्या एका रेणूत कार्बनचे १२, हायड्रोजनचे २२ आणि ऑक्सिजनचे ११ अणू असतात. हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांचे प्रमाण पाण्यातल्याप्रमाणेच दोनास एक आहे. हिशेब मांडला तर १०० किलो साखरेत सुमारे ४२ किलो कर्ब आणि ५८ किलो पाण्याचे घटक निघतात. म्हणून ती कर्बोदक. कोरड्या साखरेवर तीव्र गंधकाम्ल टाकले तर ते पाण्याचे घटक ओढून घेते आणि मागे काळा कोळसा उरतो. शाळेच्या प्रयोगशाळेत शिक्षकांनी हे दाखवले असेल. घरी मात्र कोणी करून पाहू नये.

आता ऊस तोडल्यावर काय होते ते पहा. तुटलेल्या कांडीत उसातली विकरे आणि बाहेरून शिरलेले जिवाणू कामाला लागतात. साखरेच्या रेणूला पाण्याचा एक रेणू जोडला जातो आणि साखर फुटून ग्लुकोज व फ्रुक्टोज तयार होतात. गोडी राहते, पण या दोघांचा आपल्याला हवा तसा दाणा पडत नाही. ते मोलॅसिसमध्ये जातात आणि जाताना चांगल्या साखरेचा काही भागही सोबत नेतात. ऊन जितके कडक आणि ऊस जितका शिळा, तितके हायड्रोलिसिस जास्त. जळिताच्या उसात तर घाई आणखीच. म्हणून तोडलेला ऊस २४ तासांच्या आत गव्हाणीत पडावा असा आमचा आग्रह असतो. “दोन दिवसांनी काय फरक पडतो?” असे विचारणाऱ्याला उत्तर हे : वजन तर घटतेच, शिवाय साखर आतल्या आत फुटत असते.

रसात आंबटपणा असला की ही फोड आणखी जोरात होते. उसाचा रस मुळात किंचित आम्लधर्मी असतो. कारखान्यात रस तापवताना त्यात चुन्याचे दूध घालतात, त्याचे हेही एक कारण आहे.

३. खड्यात धरून ठेवलेले पाणी

नावाच्या शेवटी ‘हायड्रेट’ आले की त्या पदार्थाच्या खड्यात पाणी बांधलेले आहे असे समजावे. ते हाताला ओले लागत नाही, पण वजनात भरते. मोरचूद हे सोपे उदाहरण. निळा खडा तव्यावर तापवला तर पाणी उडून तो पांढरा होतो. १०० किलो मोरचुदात ३६ किलो पाणीच असते.

आता खिशाचा प्रश्न. झिंक सल्फेट दोन प्रकारचे मिळते. ‘मोनो’ म्हणजे एक आणि ‘हेप्टा’ म्हणजे सात. हेप्टाहायड्रेटमध्ये प्रत्येक रेणूमागे पाण्याचे सात रेणू असतात, म्हणजे १०० किलोत सुमारे ४४ किलो पाणी. म्हणून त्यात जस्त २१ टक्के. मोनोहायड्रेटमध्ये पाण्याचा एकच रेणू, म्हणून जस्त ३३ टक्के. हेप्टाच्या २० किलोत जेवढे जस्त, तेवढेच मोनोच्या पावणेतेरा किलोत मिळते. तेव्हा नुसता पिशवीचा भाव विचारू नये. भावाला टक्क्यांनी भागून जस्ताचा भाव काढावा आणि मग घ्यावे. तसेच शिफारस हेप्टाची असताना तेवढेच किलो मोनो टाकले तर मात्रा दीडपटीच्या वर जाते, हेही ध्यानात असावे.

‘अनहायड्रस’ म्हणजे निर्जल. डिस्टिलरीत साध्या ऊर्ध्वपातनाने मिळणाऱ्या स्पिरिटमध्ये चार-पाच टक्के पाणी राहतेच. पेट्रोलमध्ये मिसळायचे इथेनॉल मात्र जवळजवळ निर्जल लागते, म्हणून ते पाणी काढण्यासाठी वेगळा विभाग लागतो. २०२५ साली देशात पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांवर पोचले. त्यामागे या निर्जल करण्याच्या कामाचाही वाटा आहे.

‘हायड्रेटेड लाईम’ म्हणजे विरवलेला चुना. कळीच्या चुन्यावर पाणी टाकले की तो फसफसतो आणि भांडे हात लावू देत नाही इतके तापते. बोर्डो मिश्रणासाठी चुना विरवताना लहान मुलांना जवळ उभे करू नये, वाकून पाहू नये. डोळ्यात उडालाच तर पंधरा-वीस मिनिटे स्वच्छ पाण्याची धार धरावी आणि लगेच दवाखाना गाठावा.

४. दवाखान्यातील ‘हायड्रो’

डिहायड्रेशन : ‘डि’ म्हणजे काढून घेणे. शरीरातले पाणी आणि क्षार कमी होणे. उन्हात ऊस तोडणाऱ्या मजुराला घामाने होते, लेकराला जुलाब-उलटीने होते. लहान मुलाला हे काही तासांत जिवावर बेतू शकते. तोंड कोरडे, डोळे खोल, रडताना पाणी नाही, लघवी बंद, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर हळूहळू मागे जाते, ही लक्षणे.

यावरचा उपाय आपल्या साखरेशी जोडलेला आहे. नुसते पाणी जुलाबात नीट शोषले जात नाही. आतड्यात ग्लुकोज असले की ते मिठातील सोडियमला सोबत घेऊन आत जाते आणि त्यांच्या मागोमाग पाणी जाते. १९७१ साली बांगलादेशच्या युद्धात निर्वासितांच्या छावणीत पटकी पसरली. बनगाव येथे सलाईन संपत आले तेव्हा कलकत्त्याचे डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, सोडा आणि ग्लुकोज यांचे मिश्रण पाण्यातून पाजायला लावले. मृत्यूचे प्रमाण ३० टक्क्यांच्या घरात होते, ते ४ टक्क्यांच्या खाली आले. २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले.

दवाखान्यातली किंवा आशाताईंकडची ओआरएसची पुडी सर्वात चांगली. पुडीवर लिहिले असेल तेवढ्याच पाण्यात ती पूर्ण कालवावी. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेले पाणी, चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. प्रमाण डोळ्यांनी न ठरवता चमच्याने मोजावे. साखर जास्त झाली तर जुलाब वाढतो, मीठ जास्त झाले तर अपाय होतो. वाटी-चमच्याने थोडे थोडे पाजत राहावे. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा द्यावे. अंगावरचे दूध बंद करू नये. लेकरू सुस्त पडले, पाणी पिईना किंवा शौचातून रक्त आले तर वाट पाहू नये, दवाखान्यात न्यावे. आपण घातलेली साखर आतड्यात फुटून ग्लुकोज होते, तेही हायड्रोलिसिसच. गव्हाणीत जे नुकसान करते तेच इथे जीव वाचवते.

ज्यांच्या फडात तोडणी चालू आहे त्यांना विनंती : टोळीला पिण्याचे स्वच्छ पाणी द्यावे आणि कोप्यांवर ओआरएसच्या चार पुड्या पोचत्या कराव्यात. त्या माउल्या कोयता टाकून तालुक्याला जाऊ शकत नाहीत.

हायड्रोफोबिया : ‘फोबिया’ म्हणजे भय. मराठीत जलसंत्रास. पिसाळलेला कुत्रा चावून रोग उठला की रोग्याला पाणी गिळताना घशाच्या स्नायूंत असह्य आचके येतात. पुढे नुसते पाणी पाहूनही येतात. लक्षणे उठल्यावर रोगी जवळजवळ वाचतच नाही. आपल्याकडे एक समज आहे, “कुत्रं पाणी प्यालं, म्हणजे पिसाळलेलं नाही.” हा समज जीवघेणा आहे. पाण्याचे हे भय माणसात दिसते, कुत्र्यात सहसा दिसत नाही. पिसाळलेला कुत्रा पाण्यात उतरलेलाही आढळतो. तेव्हा कुत्रा चावला की जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. मिरची, हळद, चुना लावू नये. त्याच दिवशी लस सुरू करावी आणि सांगितलेले सगळे डोस पुरे करावेत. जखम खोल असेल तर डॉक्टर जखमेत वेगळे औषधही टोचतात. १८८५ साली पाश्चरने पहिल्या मुलाला लस टोचली, तेव्हापासून या मरणाला अडवता येते. अट एकच, वेळेत जाण्याची.

हायड्रोसील : अंडकोशाभोवती पाणी साचून सूज येणे. हत्तीरोगाच्या कृमीमुळेही होते, इतर कारणांनीही होते. लाजेने वर्षानुवर्षे लपवतात. शस्त्रक्रिया लहान असते. लपवू नये.

हायड्रोसेफॅलस : ‘सेफॅलस’ म्हणजे डोके. मेंदूच्या पोकळ्यांत पाणी साचणे, जलशीर्ष. तान्ह्या बाळाचे डोके झपाट्याने मोठे होत असेल तर दृष्ट काढत न बसता बालरोगतज्ज्ञांना दाखवावे.

हायड्रोनेफ्रोसिस : लघवीचा मार्ग खड्याने किंवा अन्य कारणाने अडून मूत्रपिंड फुगणे. इथले ‘पाणी’ म्हणजे लघवी. मुतखड्याच्या रिपोर्टवर हा शब्द दिसला तर दुखणे थांबले म्हणून तपासणी सोडू नये.

५. इथे ‘हायड्रो’ म्हणजे पाणी नव्हे

१७८७ साली फ्रान्समध्ये लाव्हाझिए आणि त्याच्या सोबत्यांनी रसायनांना नवी नावे दिली. जो वायू जळून पाणी तयार होते त्याला त्यांनी ‘हायड्रोजन’ म्हणजे पाणी उत्पन्न करणारा असे नाव दिले. पुढे रसायनांच्या नावांत ‘हायड्रो’ हा या हायड्रोजनचा तुकडा म्हणून वापरला जाऊ लागला. घोटाळा इथूनच सुरू होतो.

हायड्रोक्लोरिक आम्ल : हायड्रोजन आणि क्लोरीन यांचे आम्ल. ठिबकच्या नळ्यांत साचलेले क्षार काढायला आपण वापरतो. नावात हायड्रो असले तरी ते कातडी जाळते आणि त्याची वाफ छातीत भरते. आम्ल नेहमी पाण्यात ओतावे, आम्लात पाणी कधीही ओतू नये. हातमोजे आणि चष्मा घालावा. आम्ल प्रक्रिया आणि क्लोरीन प्रक्रिया एकाच वेळी करू नये. ब्लीचिंग पावडर आणि आम्ल एकत्र आले की विषारी क्लोरीन वायू सुटतो.

सोडियम हायड्रॉक्साइड : म्हणजे कॉस्टिक सोडा. हायड्रोजन, ऑक्सिजन आणि सोडियम. कारखान्यात बाष्पक धुण्यासाठी लागतो. पाण्यात टाकला की तापतो, डोळा घालवू शकतो.

हायड्रोसायनिक आम्ल : कोवळ्या ज्वारीत तयार होणारे विष. पाण्याच्या ताणावरची, गुडघाभर ज्वारी जनावराने खाल्ली की ते धापा टाकत पडते. वेळ फार थोडा असतो, ताबडतोब पशुवैद्यांना बोलवावे. अशी ज्वारी हिरवी चारू नये.

हायड्रॉस : गुऱ्हाळात गुळाला पिवळा रंग यावा म्हणून टाकतात ती सोडियम हायड्रोसल्फाइटची पावडर. हिच्या घटकांत ना पाणी, ना हायड्रोजन. जुने नाव चिकटले ते चिकटलेच. उलट ओल लागली तर ही पावडर तापून पेटू शकते. गुळात गंधकाचा अंश मागे राहतो. रस स्वच्छ करायला भेंडीचा चिकट रस हा जुना उपाय आहे, तोच बरा.

गोळ्यांवरचे हायड्रोक्लोराइड : मधुमेहाच्या गोळीवर ‘मेटफॉर्मिन हायड्रोक्लोराइड’ असे लिहिलेले असते. याचा अर्थ ते औषध क्षाराच्या रूपात आहे. त्यात पाणी मिसळलेले नाही, आणि कॅनमधल्या आम्लासारखे ते जाळतही नाही. भिऊन गोळी बंद करू नये.

६. ओळखायची खूण

पक्का नियम नाही, पण बहुतेक वेळा चालणारी खूण अशी :

यंत्राचे, कामाचे किंवा रोगाचे नाव असेल तर हायड्रो म्हणजे पाणी किंवा द्रव.

रसायनाच्या नावाच्या शेवटी ‘हायड्रेट’ असेल तर खड्यात बांधलेले पाणी. टक्केवारी पाहून भाव करावा.

रसायनाच्या नावाच्या सुरुवातीला ‘हायड्रो’ असेल किंवा नावात ‘हायड्रॉक्साइड’ असेल तर पाणी समजू नये. झाकण उघडण्यापूर्वी लेबल पूर्ण वाचावे, वाचता येत नसेल तर गट ऑफिसला आणून दाखवावे.

उजळणीसाठी चार प्रश्न : (१) ट्रॉलीच्या हायड्रॉलिकमध्ये कोणता द्रव असतो? (२) २१ टक्क्यांचे झिंक सल्फेट मोनो की हेप्टा? (३) चावलेला कुत्रा पाणी प्याला, तर लस टाळता येईल का? (४) ठिबकसाठी आधी आम्ल घ्यावे की पाणी?

उत्तरे : (१) तेल. (२) हेप्टा. (३) नाही. (४) आधी पाणी, मग त्यात आम्ल.

चारही बरोबर आली तर धडा समजला. तिसरे आणि चौथे चुकले असेल तर मात्र तो भाग पुन्हा वाचावा, आणि शेजाऱ्यालाही वाचून दाखवावा.

– ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग